पहिला महिना माफ : कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या शेजाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माथाडी वसाहतीतले सर्व घरमालक, सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव आणि कमिटी सदस्य,
कोपरखैरणे, नवी मुंबई.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या सोसायटीच्या फलकावर एक सूचना लागली. एकट्या मुला-मुलींना आणि परप्रांतीयांना यापुढे जागा भाड्यानं देऊ नये, आणि ज्यांनी आधीच दिली आहे त्यांनी ती महिनाअखेर रिकामी करून घ्यावी, असं तीत लिहिलं आहे. शेजारच्या सोसायट्यांमध्येही हाच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. येत्या सर्वसाधारण सभेत यावर ठराव येणार आहे. सभेत उभं राहून एवढं सगळं बोलणं शक्य होणार नाही, म्हणून आधीच लिहिते. माझा या ठरावाला विरोध आहे. कारण सांगायचं तर माझ्या घराची हकिगत सांगावी लागेल, आणि ती थोड्याफार फरकानं तुमच्याही घराची आहे.

माझे आजोबा पाटण तालुक्यातले. कोयनेच्या काठची त्यांची भातखाचरं धरणात गेली. वर डोंगराच्या उताराला नाचणी आणि वरी व्हायची, पण त्यावर एवढ्या खाणाऱ्या तोंडांचं भागेना. बदली जमीन मिळेल म्हणून कागद घेऊन ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले आणि शेवटी मुंबईची वाट धरली. कोयनेची वीज मुंबईला आली आणि तिच्या मागोमाग कोयनेची माणसंही आली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, राहतं घर पडलं, आणि माझे वडीलही आजोबांच्या मागं आले. तेव्हा त्यांना नीट मिसरूड फुटलं नव्हतं.

दोघंही उतरले ते डोंगरीतल्या गावकऱ्यांच्या खोलीत. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात अशा एखाद्या खोलीचं नाव निघतं. कुणाची उमरखाडीला होती, कुणाची मशीद बंदरला, कुणाची काळाचौकीला. भिंतीला ओळीनं पत्र्याच्या पेट्या, वर दोरीवर कपडे, आणि पेटीसमोर पथारी टाकण्यापुरती जागा. खोलीत मावत नसत ते व्हरांड्यात झोपत. जेवण जवळच्या खानावळीत, तेही महिन्याच्या हिशेबावर.

त्या खोलीची एक वही आमच्याकडे आहे. आजोबा काही वर्षं खोलीचे कारभारी होते, म्हणून ती त्यांच्या पेटीत राहिली. जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड लावलेली. पानं पिवळी पडली आहेत, पण शिसपेन्सिलीचं अक्षर वाचता येतं. नाव, वाडी, आल्याची तारीख, भाड्याचा वाटा, दिवाबत्तीचा वाटा. नव्यानं आलेल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढं पहिल्या महिन्याच्या रकान्यात एकच शब्द आहे, ‘माफ’. दुसऱ्या महिन्यात कुणाचे पैसे जमा आहेत, कुणापुढं ‘काम लागल्यावर’ अशी नोंद आहे. एका जागी ‘आजारी, गावी पाठवला, गाडीभाडं खोलीतून’ असं आहे. आणि मधल्या एका पानावर ‘दापोलीकडचा, गावचा नव्हे, सोय होईपर्यंत’ अशी नोंद आहे. तो दापोलीचा माणूस पुढं दोन वर्षं त्या वहीत दिसतो. त्याचाही पहिला महिना माफ आहे.

ही सगळी गरीब माणसं. नरशी नाथा स्ट्रीटच्या परिसरात, मशीद बंदरच्या गोदामांत पाठीवर क्विंटलाची पोती वाहणारी. कामाची हमी नाही, हजेरीची नोंद नाही, मुकादमाच्या मर्जीवर सगळं. पाय घसरून कंबर गेली तर गावी जायचं, दुसरा उपाय नाही. 1969 साली माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांसाठीचा कायदा झाला, तो अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यामुळे. तेही आपल्याच पाटण तालुक्यातले. त्या कायद्यानं हमालांच्या टोळीची नोंद झाली, मजुरी माथाडी बोर्डात जमा होऊ लागली, वर मालकांना लेव्ही म्हणजे जादा रक्कम भरावी लागू लागली, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना या गोष्टी हमालाच्या वाट्याला पहिल्यांदा आल्या. माझं शिक्षण वडिलांच्या बोर्डाच्या पैशातून झालं. तुमच्यापैकी अनेकांचं तसंच झालं. पण बोर्डात नाव लागायच्या आधी माणसाला मुंबईत टिकून राहावं लागत होतं, आणि टिकता आलं ते त्या पेटीएवढ्या जागेमुळे.

पुढं ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं इथं नवी मुंबईत, तुर्भ्याला आले. आधी कांदा-बटाटा, मग मसाला, धान्य, मग भाजी आणि फळं. वडील बाजारामागं इकडं आले. मानखुर्द-वाशी लोकल 1992 साली सुरू झाली. त्याआधी खाडीपुलावरून बसनं ये-जा करताना त्यांची अर्धी रात्र प्रवासात जायची. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचं घर मिळायला वेळ होता. म्हणून आम्ही कोपरखैरणे गावात एका आगरी कुटुंबाच्या चाळीत खोली घेतली.

त्या घरच्या म्हातारीला आम्ही सगळी मुलं आजी म्हणायचो. तिनं डिपॉझिट मागितलं नाही. ‘मार्केटचं काम हाय ना, मंग देशील’ एवढंच वडिलांना म्हणाली. आमच्या घाटावरच्या घरात सुकी मासळी कधी शिजली नव्हती. जवळा कसा निवडायचा, कसा परतायचा ते माझ्या आईला तिनं शिकवलं. खूप नंतर मला कळलं की तिच्या नवऱ्याची शेतं आणि मिठागराची जागा सिडकोच्या संपादनात गेली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून उरण-पनवेलपर्यंत 95 गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या. योग्य मोबदला मागताना जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे धरणात जमीन गेलेली आमची माणसं, शहरासाठी जमीन गेलेल्या माणसांच्या दारात आली होती. आम्हाला ‘बाहेरचे’ म्हणून हाकलायचा हक्क कुणाला असेलच तर तो त्या आजीला होता. तिनं खोली दिली.

फलकावरची सूचना वाचल्यापासून ही आजी सारखी डोळ्यांसमोर येते आहे. तिचे नातू आजही आपल्या वसाहतीच्या पलीकडं राहतात. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, तेव्हा आपल्यातलेही काहीजण गेले होते, आणि ते योग्यच होतं. या जमिनीवर ‘आधी आम्ही’ म्हणायचं झालं तर आपला नंबर पहिला नाही.

मी स्वतः मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते. ज्या बाजारात वडिलांनी पाठीवर हळदीची आणि मिरचीची पोती वाहिली, तिथंच मी हमाली, तोलाई, वाराई अशा मजुरीचे आकडे पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या बिलावर चढवते. वडील निवृत्त होईपर्यंत दुपारी टोळीचं जेवण झालं की पेढीच्या पायरीवर येऊन बसायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. मालकाच्या गादीसमोर खुर्चीत बसलेली मुलगी बाहेरून बघण्यातच त्यांना समाधान होतं. पोत्यापासून पट्टीपर्यंतचं हे अंतर आमच्या घरानं एका पिढीत कापलं. माझ्या मुलीनं त्याच्या कितीतरी पुढं मजल मारली.

ती नर्स आहे. ठाण्याला क्लास लावून, ड्युटी संपल्यावर ट्रान्सहार्बर लोकलनं जाऊन-येऊन तिनं जर्मन भाषेची बी-टू पातळी पूर्ण केली. त्याशिवाय तिकडं नर्सचं काम मिळत नाही. आता ती स्टुटगार्टला आहे. ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारनं 2024 साली कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच राज्याची ही राजधानी. तिकडं गेल्यावर पहिलं संकट कामाचं नव्हतं, जागेचं होतं. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आपला पत्ता सरकारी कचेरीत नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. ती नोंद नसली की कराचा नंबर अडतो, बँकेचं काम अडतं, सगळंच अडतं. फोनवर बोलून घर बघायला जायची, आणि नाव ऐकल्यावर किंवा चेहरा बघितल्यावर ‘दिलं गेलं’ असं उत्तर यायचं. त्या दिवसांत रात्री तिचा फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा. शेवटी पाचव्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली, महागडी अशी एक खोली मिळाली. घरमालकीण मूळची तुर्की. 1961 साली जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार बोलावले, त्यांत तिचे वडील आले होते. कागदावर सही करताना ती मुलीला म्हणाली, माझ्या बापाला इथं बराकीत झोपावं लागलं होतं, तू नीट झोप.

आपल्या वसाहतीतली किती मुलं आज बाहेर आहेत ते मोजायला मी जाणार नाही, पण गल्लीगल्लीत कुणी ना कुणी आहेच. दुबई, सिंगापूर, टोरोंटो, न्यू जर्सी. 19 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेनं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा ज्यांची मुलं तिकडं जायच्या तयारीत होती त्या घरांत सुतक आल्यासारखं झालं. शिकलेली, कष्ट करणारी, कुणाचं काही न लुबाडणारी पोरं, त्यांना असं का अडवतात, असं सगळेच म्हणत होते. मीही म्हणत होते. मग किनवटहून आलेल्या मुलीला आपण कोणत्या तोंडानं अडवायचं?

किनवटचं नाव उगाच घेतलं नाही. माझ्या वरच्या खोलीत तीन मुली राहतात. एक नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातली, एक बीडची, एक बिहारमधल्या सिवानची. दोघी नर्स आहेत, तिसरी ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये आहे. रात्रपाळी करून सकाळी साडेआठला येतात, तेव्हा आपल्या बायका पाण्याच्या आणि डब्यांच्या गडबडीत असतात. त्यांच्या रात्री-अपरात्री येण्या-जाण्याबद्दल कमिटीकडं तक्रार गेली. दवाखान्यातून रात्रपाळी करून येणाऱ्या मुलीनं कधी यायचं, हे तक्रार करणाऱ्यांनी सांगावं. सिवानची मुलगी माझ्याकडून मराठी वाचायला शिकते आहे. बाराखडी झाली, आता दुकानांच्या पाट्या वाचते. जोडाक्षरांना अडखळते. तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटांना मराठीत बोललं की बरं वाटतं, म्हणून ती शिकते. मराठी टिकावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती अशीच टिकेल, शेजारी राहून.

विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मी नाकारत नाही. काही मालकांनी बैठ्या घरांवर मजले चढवून एकेका खोलीत दहा-बारा माणसं कॉटवर भरली आहेत. पाण्याचा दाब त्यानं कमी होतो, संडास तुंबतात, आग लागली तर बाहेर पडायला वाट नाही. हा राग योग्य आहे, पण तो मालकावर निघायला हवा. भाडं तो घेतो, गर्दी तो करतो. आपल्या मुलांना टोळीत नाव मिळत नाही, मार्केटमधलं काम कमी झालं, हेही खरं. पण तुर्भ्याच्या गाळ्यांवर रात्री तीन वाजता भाजीच्या गाड्या खाली करणारी आझमगढची पोरं ते काम आपल्या मुलांकडून हिसकावून घेत नाहीत. आपणच आपल्या मुलांना त्या कामाला पाठवलं नाही, आणि आपल्या आई-बापांची इच्छाही तीच होती. ती पोरं बिना बोर्डाची, बिना लेव्हीची राबतात, हा खरा प्रश्न आहे. माथाडीच्या पोरांनी तो उचलायला हवा.

आता कायद्याचं. आपल्या बऱ्याच सोसायट्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आधी कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, तीही मालकानंच. आणि भारतात कुठंही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला राज्यघटनेच्या कलम 19 नं दिला आहे. राज्य बघून किंवा लग्न झालंय की नाही हे बघून बंदी घालणारा ठराव सहकारी संस्थांच्या निबंधकांसमोर टिकेल असं मला वाटत नाही.

पण मला कायद्याच्या धाकानं हा ठराव मागे जायला नको आहे. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथं सामान चढवणारे, साफसफाई करणारे, सुरक्षारक्षक, हॉटेलातली मुलं, कॅब चालवणारे असे कितीतरी लोक या शहरात येणार. ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत रोज नवी मुलं लागतात. आज वीस-बावीस हजारांवर लागलेल्या मुलीला तीन-चार महिन्यांचं डिपॉझिट आणि वर एजंटची एक महिन्याची दलाली आधीच मोजावी लागते. पहिला पगार हातात यायच्या आत तिच्या आईचे कानातले गहाण पडलेले असतात. आपल्या आजोबांना खोलीनं जे दिलं त्याच्या बरोबर उलटं आपण करतो आहोत.

म्हणून माझं म्हणणं असं की ती सूचना काढावी आणि तिच्या जागी नियम करावेत, सगळ्यांना सारखे. एका खोलीत किती माणसं राहू शकतात याची मर्यादा सोसायटीनं ठरवावी आणि ती मोडणाऱ्या मालकाला जाब विचारावा. नोंदणीकृत करार आणि पोलिसांकडं दिलेल्या माहितीची पोच सचिवांकडं असावी. आवाज, कचरा, पार्किंग यांचे नियम भाडेकरूला आणि मालकाला एकच असावेत. नवा भाडेकरू आला की कमिटीतल्या एकानं जाऊन त्याला भेटावं, पाणी कधी येतं, दवाखाना कुठं आहे, अडचण आली तर कुणाला फोन करायचा ते सांगावं. आणि ज्या घरमालकांना जमेल त्यांनी पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या मुला-मुलींकडून एका महिन्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये, तेही पहिला पगार झाल्यावर घ्यावं. हा शेवटचा मुद्दा सक्तीचा करता येणार नाही हे मला कळतं. पण दहा घरांनी केला तरी इथं येणाऱ्या कितीतरी पोरांचं पहिलं वर्ष सुसह्य होईल.

खोलीच्या वह्या, टोळीचे बिल्ले, बोर्डाची पासबुकं, जुन्या पगारपट्ट्या ज्यांच्याकडं असतील त्यांनी त्या रद्दीत टाकू नयेत, एवढंही सांगते. घरं पाडून नवी होताना हे सगळं हरवणार आहे. वसाहतीच्या सभागृहात एक कपाट त्यासाठी ठेवता येईल. आमची वही मी द्यायला तयार आहे.

माझ्या वरच्या खोलीतल्या तिघींचा करार नोंदणीकृत आहे आणि त्याची मुदत संपायला अवकाश आहे. सूचनेप्रमाणे महिनाअखेर मी त्यांना बाहेर काढणार नाही. कमिटीनं लेखी विचारणा केली तर लेखी उत्तर देईन. फलकावर लावायच्या पर्यायी नियमांचा मसुदा सचिवांकडं दिला आहे. तो सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा आणि मूळ ठरावाच्या आधी चर्चेला ठेवावा, ही विनंती.

आपली,
माथाडी वसाहतीतली एक रहिवासी आणि माथाडी कामगाराची मुलगी
कोपरखैरणे